घर विकायला काढताना दर्शनी भागाची कामं: कुठलं आधी, कुठलं नंतर

घर विकायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन रंगाऱ्याला करतात. खरं तर रंगाऱ्याचा नंबर मधे कुठेतरी लागतो. ओल न काढता दिलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो. रंगाआधी आणलेली झाडं शिडीखाली चिरडतात. रंग झाल्यावर दिव्याची वायर टाकायची आठवण होते आणि नव्याकोऱ्या भिंतीत झिरी मारावी लागते. पैसे सगळे खर्च होतात आणि घर मात्र अर्धवट दिसतं.

दुसरी चूक याहून महाग पडते. दर्शनी भाग इतका सजवला जातो की आत पाऊल टाकताच बघायला आलेला माणूस खट्टू होतो. दाराबाहेर जी अपेक्षा तयार झाली, तिच्याच मापाने तो आतली प्रत्येक खोली मोजतो. त्यामुळे तोल तीन ठिकाणी सांभाळायचा आहे: घराच्या डाव्या आणि उजव्या बाजूत, बाहेरच्या आणि आतल्या घरात, आणि आपल्या घरात व शेजारच्या घरांत. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमाने करा. मधला एखादा वगळला तर चालेल, पण क्रम उलटू नका.

## १. रस्त्यापलीकडे जाऊन घर बघा

रोज राहणाऱ्याला स्वतःच्या घरातली खोट दिसत नाही, डोळा सरावलेला असतो. फोनच्या कॅमेऱ्याला ती सवय नसते. रस्त्यापलीकडून समोरून एक, दोन्ही कोपऱ्यांतून एकेक, गेटमधून एक आणि दारासमोर उभं राहून एक असे पाच फोटो काढा. सकाळी काढा आणि संध्याकाळीही काढा. मग ते मोठ्या पडद्यावर बघा, आणि एकदा कृष्णधवल करूनही बघा. रंग निघून गेला की नजर नेमकी कुठे अडकते ते कळतं. ती बहुतेक वेळा दाराकडे जात नाही. एसीचं बाहेरचं युनिट, गॅरेजचं शटर, लोंबणारी केबल, अशा कशावर तरी ती थांबते.

आता कागदावर तीन रकाने करा: मोडलेलं, मळलेलं, न शोभणारं. दिसेल ते ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा आणि कामं याच क्रमाने हातात घ्या. बहुतेकांचा खर्च तिसऱ्या रकान्यात होतो, आणि ग्राहक भाव पाडतो तो पहिल्या रकान्यावरून.

तपासणी: घरी फारशा न येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला समोरचा फोटो दहा सेकंद दाखवा आणि काय लक्षात राहिलं ते विचारा. दार किंवा एकूण घर आठवलं तर ठीक. पाण्याची टाकी आठवली, तर यादीत टाकी वर घ्या.

## २. आतल्या घराशी आणि शेजाऱ्यांशी माप जुळवा

गेटपासून बैठकीच्या खोलीपर्यंत एकदा सावकाश चालत या. बाहेरचं घर आतल्यापेक्षा एक पायरी पुढे असलं तर चालतं, दोन पायऱ्या पुढे असलं की खोटं वाटतं. आतली फरशी जुनी पण नीट असेल, स्वयंपाकघराचे ओटे वापरलेले पण स्वच्छ असतील, तर बाहेर ताजा साधा रंग, घासलेली पायवाट आणि चांगलं दार एवढं पुरे. अशा घराला दगडी क्लॅडिंग (भिंतीवर बसवलेलं दगडाचं आवरण) आणि नक्षीदार गेट लावलं, तर आतलं जुनेपण दुप्पट दिसू लागतं. याच्या उलटही होतं. आत सगळं नवं आणि बाहेर उदास भिंत असेल, तर जाहिरातीतला पहिला फोटो बघूनच लोक पुढे सरकतात आणि आतली मेहनत कुणाला दिसतच नाही.

मग आपल्या रांगेतली चार-पाच घरं बघा. त्या सगळ्यांत नीटनेटकं दिसणं हे योग्य ध्येय आहे. सगळ्यांत वेगळं दिसणं धोक्याचं, कारण घेणारा घराबरोबर ती रांगही विकत घेत असतो आणि रांगेत न बसणाऱ्या घरासाठी तो जास्त मोजायला तयार नसतो.

पैशांची वाटणीही इथेच करून टाका. आधी दुरुस्तीचा अंदाज घ्या, मग सफाईचा. उरेल त्यात रंग, आणि त्यातूनही उरलं तर सजावट. दुरुस्तीतच सगळे पैसे संपले तर सफाई करून थांबा. स्वच्छ आणि साधं घर विकलं जातं. सजवलेलं गळकं घर तपासणीच्या दिवशी अडतं.

फ्लॅट असेल तर तुमचा दर्शनी भाग म्हणजे दार, दारासमोरची जागा आणि बाल्कनी. सामाईक भिंतींना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तुम्ही टप्पे १०, ११ आणि १२ मनापासून करा, बाकीचे चाळले तरी पुरे.

## ३. तारखा उलट्या मोजा

फोटो काढायचा दिवस ठरवा आणि तिथून मागे मोजत या. काही गोष्टींना घाई करता येत नाही. नवं प्लास्टर रंगासाठी तयार व्हायला साधारण २८ दिवस लागतात. बी पेरून हिरवळ भरून यायला ६ ते ८ आठवडे जातात. नवी लावलेली झुडपं सावरायला ३ ते ४ आठवडे लागतात. बाहेरच्या रंगाला सलग कोरडे दिवस हवेत.

कामांची रांग अशी लावा: पाणी थांबवणं, मोठं गवंडीकाम, वायरिंग, झाडांची छाटणी, धुलाई, बारीक भेगा, रंग, जमीन आणि पायवाट, लागवड, दाराची कडी-कुलपं, दिवे, फोटो. छाटणी रंगाआधी येते, कारण रंगाऱ्याला शिडी लावायला जागा लागते. लागवड रंगानंतर येते, आणि तेही त्याच शिडीमुळे.

हातात दोनच आठवडे असतील तर प्लास्टर आणि पूर्ण रंगकाम सोडून द्या. धुलाई, छाटणी, दार आणि दिवे या चार गोष्टी नीट केल्या तरी घर उजळतं. घाईत अर्धवट वाळलेल्या भिंतीला रंग देण्यापेक्षा जुना, धुतलेला रंग केव्हाही बरा.

## ४. आधी पाणी थांबवा

या टप्प्याचा एकही फोटो जाहिरातीत जाणार नाही. तरी सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या.

वरून सुरुवात करा. छपराच्या पन्हळीतला पाला काढा, वरून पाणी ओता आणि ते पाइपातून कुठे पडतं ते बघा. भिंतीवर पाइपाच्या रेषेत हिरवट-काळा पट्टा असेल तर सांधा गळतो आहे. पाइपाचं तोंड पायाशीच उघडत असेल, तर जोड देऊन पाणी घरापासून किमान दीड-दोन मीटर दूर न्या. गच्चीच्या कठड्याचा माथा, खिडक्यांवरचे छज्जे आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट तपासा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसली की पाणी उलटं वाहत भिंतीपर्यंत येतं आणि तिथे डाग धरतो.

मग खाली बघा. जमिनीचा उतार घरापासून लांब हवा. पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटीमीटर उतार असला की पाणी पायाशी साचत नाही. कुंड्यांची आणि वाफ्यांची माती वर्षानुवर्षं भरत गेल्याने जोत्यापर्यंत चढलेली असते. ती खाली उतरवा. ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेल्या थराच्या) खाली १५ सेंटीमीटर तरी भिंत उघडी दिसायला हवी, नाहीतर मातीतली ओल थेट वर चढते.

भिंत खरंच कोरडी आहे का, हे हात लावून कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. साधारण ४५ सेंटीमीटर चौरस, जाडसर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा संशयित जागी ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. हवा आत शिरायला नको. सावलीतली जागा निवडा. पूर्ण एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर पाणी भिंतीतून येत आहे. आतून कोरडं आणि बाहेरच्या बाजूला दव असेल, तर तो फक्त हवेतला दमटपणा आहे.

सावधान: ओलीवर वॉटरप्रूफ रंग मारून ती बंद करू नका. बाहेर पडायची वाट मिळाली नाही की पाणी आतल्या खोलीत डाग धरतं, आणि घेणारा तिथेच बोट ठेवतो.

पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, धुऊन काढू नका. पाण्यात ते क्षार विरघळतात, परत भिंतीत जातात आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतात. आधी कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि भुकटी गोळा करून टाका. गळती बंद केल्यावर महिनाभराने लोणा पुन्हा आला नाही, तरच पुढे जा.

## ५. भेगा: कुठल्या भरायच्या, कुठल्या दाखवायच्या

केसासारख्या, प्लास्टरपुरत्या भेगा सगळ्या घरांना असतात. त्या धुलाईनंतर भरायच्या, कारण धुळीवर काहीच धरत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढलेली, किंवा दोन्ही कडा वरखाली झालेली भेग असेल तर ती आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. पाचेक मिलिमीटरपेक्षा रुंद भेगेचंही तेच. त्याचं मत लेखी घ्या.

अशी भेग भरून रंगवली तर विकणाऱ्याचाच तोटा होतो. पुट्टी वाळली की त्याच रेषेत केस उमटतो आणि अनुभवी डोळ्याला तो लपवाछपवीचा पुरावा वाटतो. शिवाय माहीत असलेला दोष घेणाऱ्याला सांगणं अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्ती करून त्याचा कागद हाती दिला, तर हीच भेग सौद्याच्या बोलण्यात दोन वाक्यांत संपते.

प्लास्टर निघालेली जागा ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथपर्यंत काढा, तेवढाच भाग नव्याने भरा आणि आठवडाभर पाणी मारा. ओल्या, ताज्या सिमेंटवर दिलेला रंग क्षारामुळे डागाळतो. ते २८ दिवस त्यासाठीच ठेवलेले आहेत.

दिव्यांची, बेलची, गेटच्या मोटरची वायर टाकायची असेल तर झिऱ्या आत्ताच मारून घ्या.

## ६. छाटणी आणि धुलाई

भिंतीला टेकलेली प्रत्येक फांदी मागे घ्या. झाड आणि भिंत यांच्यात ३० सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी, म्हणजे भिंत वाळते आणि मुंग्यांचा पूल तुटतो. खिडकीच्या खालच्या कडेवर चढलेली झुडपं त्या कडेच्या खाली आणा. मात्र एका वेळी झुडपाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापू नका, नाहीतर फोटोच्या दिवशी नुसत्या काटक्या उभ्या दिसतील. भिंतीवर चढलेला वेल ओढून उपटू नका, प्लास्टरही निघून येतं. बुंधा कापा, वेल सुकू द्या आणि मग सोडवा.

धुताना वरून खाली या. कोळिष्टकं आणि धूळ कोरड्या झाडूने काढा, मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. शेवाळ असेल तिथे शेवाळनाशक किंवा ब्लीच डब्यावर दिलेल्या प्रमाणात पातळ करून लावा, थोडा वेळ राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. आजूबाजूच्या झाडांवर आधी आणि नंतर साधं पाणी मारा.

प्रेशर वॉशर उपयोगी आहे, पण सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच होतं. रुंद फवाऱ्याचं तोंड लावा, हात-दीड हात लांब उभे राहा, कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर आधी करून बघा. फवारा वरून खाली तिरका धरा. खालून वर मारला तर पाणी सांध्यांत, छज्ज्याखाली आणि खिडकीच्या चौकटीत घुसतं, आणि चौथ्या टप्प्याची सगळी मेहनत वाया जाते.

सावधान: ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं कुठलंही क्लिनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर ॲसिड वापरू नका, दगड खातो. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे फवाऱ्याने धुऊ नका आणि त्यांना छिद्रंही पाडू नका.

धुतल्यावर दूर उभे राहून पुन्हा फोटो काढा. भिंतीचा रंग अजून चांगला आहे असं दिसलं, तर पुढचा टप्पा दार, ग्रिल आणि कडांपुरता ठेवा. हे पुष्कळ घरांत घडतं आणि सगळ्यांत मोठी बचत इथेच होते.

## ७. रंग

जुना रंग धरून आहे का ते आधी बघा. तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर तो थर मेला आहे, घासून आणि धुऊन प्रायमर द्यावाच लागेल. मग धारदार ब्लेडने रंगावर फुलीची खूण करा, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रे आले तर त्यावर नवा रंग देऊ नका. जुना थर पत्र्याने खरवडून काढा, कडा सँडपेपरने भिंतीशी सपाट करा. जुन्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं. अशा वेळी कोरडं घासू नका, ओलं करून घासा, मास्क लावा आणि मुलांना दूर ठेवा.

रंग निवडताना न बदलणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा: छप्पर, दगड, फरशी, खिडक्यांच्या चौकटी. त्या पिवळट-तांबूस असतील तर भिंतीचा रंगही उबदार घ्या, करड्या-निळसर असतील तर थंड. तीन रंग पुरेत. भिंतीला एक, चौकटी, कठडे आणि ग्रिलला दुसरा, दाराला तिसरा. एसीचं युनिट, मीटरची पेटी आणि पावसाचे पाइप यांना चौथा रंग देऊ नका. पाइप भिंतीच्याच रंगात रंगवला की दिसेनासा होतो. पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या पाइपाएवढं घराला उभं चिरणारं दुसरं काही नाही.

शेड कार्डावर ठरवू नका. एक मीटर बाय एक मीटरचा पट्टा उन्हातल्या आणि सावलीतल्या, अशा दोन्ही भिंतींवर द्या. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. उन्हात रंग कार्डावरच्यापेक्षा फिका दिसतो, त्यामुळे मनात असलेल्या शेडपेक्षा किंचित गडद शेड बहुधा बरोबर बसते. स्वतःची आवड इथे बाजूला ठेवावी लागते. घेणाऱ्याला या घरात स्वतःचं सामान मनात मांडता आलं पाहिजे.

चमकदार रंग भिंतीतला प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो. ओबडधोबड भिंतीला मॅट घ्या, चमक दार आणि ग्रिलसाठी ठेवा.

क्रम असा: केसासारख्या भेगा बाहेरच्या पुट्टीने भरणं, घासणं, प्रायमर, मग दोन हात. आतल्या भिंतीची पुट्टी बाहेर वापरू नका, पाण्याने ती फुगते. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलं असेल तेवढं ठेवा. तापत्या भिंतीवर रंग देऊ नका, वरचा थर वाळतो आणि खालचा ओला राहून फोड येतात. सूर्याच्या मागून चालत जा: भिंत सावलीत आली की तिचं काम. पाऊस येण्याची शक्यता असेल त्या दिवशी डबा उघडू नका.

तपासणी: काम झाल्यावर सूर्य तिरका असताना भिंतीच्या कडेला उभे राहून तिच्या लांबीवरून नजर टाका. ठिगळं, रोलरच्या रेषा, सुटलेल्या जागा लगेच दिसतात. रंगाऱ्याचे शेवटचे पैसे ही पाहणी झाल्यावर द्या.

## ८. डाव्या-उजव्याचा तोल

समोरचा फोटो छापून घ्या आणि दाराच्या मधोमध एक उभी रेघ मारा. आता कुठल्या बाजूला जास्त वजन आहे? वजन म्हणजे गडदपणा, उंची आणि आकार. गॅरेजचं मोठं शटर एका बाजूला असतं आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. मोठं झाड एका कोपऱ्यावर झुकलेलं असतं. अशा घरात दोन्हीकडे सारख्या दोन कुंड्या ठेवल्या की उणीव उलट उठून दिसते.

जड बाजू शांत करा आणि हलक्या बाजूला भर घाला. शटर भिंतीच्या रंगाच्या जवळपास रंगवा म्हणजे ते मागे जातं. रिकाम्या बाजूला दोन-तीन वेगवेगळ्या उंचीच्या झुडपांचा पुंजका लावा. त्याची उंची शटरच्या निम्मी असली तरी पुरते, कारण पानांची घनता सपाट पत्र्यापेक्षा डोळ्यात जास्त भरते. वरच्या मजल्यावर गडद बाल्कनी असेल, तर खाली जोत्याला गडद पट्टा द्या.

घर खरोखर समान बाजूंचं असेल, दार मधोमध आणि खिडक्या दोन्हीकडे सारख्या, तेव्हाच जोड्या लावा. मग मात्र काटेकोर लावा. जोडीतली एक कुंडी हातभर सरकलेली असली तरी डोळ्याला खटकते.

एकाच जागी नजर थांबली पाहिजे, आणि ती जागा दार. गेटजवळ पुतळा, अंगणात कारंजं आणि भिंतीवर रंगीत चक्र असेल तर दाराकडे कोण बघणार? सजावटीच्या वस्तू सगळ्या काढून ठेवा आणि मग अगदी गरज वाटली तर एकच परत आणा.

## ९. जमीन, पायवाट, झाडं

पायवाटेची हलणारी फरशी आधी बसवा. बघायला आलेल्या माणसाच्या पायाखाली फरशी डुलली की तो पुढे सगळीकडे खालीच बघत चालतो. सांध्यातलं तण मुळासकट काढा. गाडीच्या तेलाचा डाग असेल तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा पसरून तेल शोषू द्या आणि मग साबणाने घासा.

नवी झाडं निवडताना ती पूर्ण वाढल्यावर केवढी होतील ते विचारा. आज भरगच्च दिसावं म्हणून दाटीने लावलेली झुडपं घेणाऱ्याला डोकेदुखी वाटतात, आणि बागकाम कळणाऱ्याला ते लगेच दिसतं. थोडी झाडं, एकाच जातीची, पुंजक्यात. उरलेली माती ५ ते ७ सेंटीमीटर जाड सालीच्या किंवा पाल्याच्या आच्छादनाने झाका. ते बुंध्याला टेकू देऊ नका, खोड कुजतं.

हिरवळ एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायची नाही, नाहीतर ती पिवळी पडते. फार वाढली असेल तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा कापा. शेवटची कापणी फोटोच्या दोन दिवस आधी. आदल्या आठवड्यात खत मारून हिरवी करायला जाऊ नका, करपली तर सावरायला वेळच उरत नाही.

## १०. दाराशी थांबलेलं ते मिनिट

एजंट किल्ली शोधत असतो, कुलूप लावून बघत असतो, आणि तेवढा वेळ घर बघायला आलेलं कुटुंब पायरीवर उभं असतं. त्यांना दुसरं काहीच करायचं नसतं, म्हणून ते बघतात. उंबरठ्याच्या कोपऱ्यात साचलेली काळी माती. बेलच्या बटणाभोवती बोटांचे ठसे. दिव्याच्या काचेत मेलेले किडे. दाराच्या खालच्या कडेला पाण्याने फुगलेलं प्लायवूड. पायपुसण्याची निघालेली झालर. अख्ख्या दर्शनी भागाकडे इतक्या जवळून आणि इतक्या निवांतपणे कुणी बघत नाही. तुम्हीही त्याच पायरीवर एक मिनिट गप्प उभे राहा आणि जे दिसेल ते दुरुस्त करा.

दार रंगवायचं असेल तर सकाळी लवकर सुरुवात करा, म्हणजे संध्याकाळी ते न चिकटता बंद होईल. मूठ, कुलूप, पाटी सगळं काढून ठेवा. बिजागऱ्यांवर पट्टी लावा, रंगलेली बिजागरी हे घाईचं लक्षण आहे. आधी १२० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पेपरने घासा आणि ओल्या फडक्याने धूळ पुसा. दिल्ह्यांचं दार (चौकटीत बसवलेल्या फळ्यांचं) असेल तर आधी दिल्हे, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. खालची कड विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. दिवसभर ऊन खाणाऱ्या दाराला फार गडद रंग नको. तापून लाकूड वाकतं आणि रंगही लवकर उडतो.

कुलपात ग्रॅफाइटची पूड घाला, बिजागऱ्यांना तेल द्या. किल्ली एका हाताने फिरली पाहिजे आणि दार खांदा न लावता उघडलं पाहिजे. दार अडत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा, त्याने भागलं तर रंधा मारायची वेळच येत नाही.

घराचा क्रमांक रस्त्यावरून वाचता आला पाहिजे. १० ते १५ सेंटीमीटर उंचीचे, पार्श्वभूमीवर उठून दिसणारे आकडे घ्या आणि रात्री त्यांच्यावर उजेड पडेल अशा जागी लावा. जुनी स्टिकर्स, वाळलेल्या माळा, कुलपाशेजारचे खिळे काढा. पायपुसणं नवं आणि दाराच्या रुंदीला साजेसं घ्या.

## ११. दिवे

बाहेरचे सगळे बल्ब एकाच छटेचे हवेत. २७०० ते ३००० केल्विन हा उबदार उजेड भिंतीला आणि लाकडाला शोभतो. गेटवर पांढरा, पोर्चमध्ये पिवळा आणि जिन्यावर निळसर उजेड असेल, तर रंगकाम कितीही चांगलं असलं तरी घर तुकड्यातुकड्यांचं दिसतं. पोर्चखाली आयपी ४४ आणि उघड्यावर आयपी ६५ दर्जाचे दिवे घ्या; हा आकडा दिवा धूळ आणि पाणी किती रोखतो ते सांगतो.

दाराशेजारच्या दिव्याची उंची दाराच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश असावी. बहुतेक लोक फार लहान दिवा घेतात, दुकानात तो मोठा वाटतो आणि भिंतीवर बटणाएवढा होतो. उजेड पायऱ्यांवर आणि कुलपावर पडला पाहिजे, येणाऱ्याच्या डोळ्यांत नाही.

सावधान: बाहेरची वायर उघडी ठेवू नका. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय दिव्याला हात लावू नका. नवी लाइन इलेक्ट्रिशियनकडूनच टाकून घ्या.

## १२. फोटो

सूर्य पाठीमागे असेल ती वेळ निवडा. पूर्वेकडे तोंड असलेल्या घराचा फोटो सकाळी, पश्चिमेकडे असलेल्याचा दुपारनंतर. समोर ऊन येतच नसेल तर पातळ ढगांचा दिवस उत्तम. दिवे लावून काढायचा असेल तर सूर्य मावळल्यावर १५ ते ३० मिनिटांत काढा. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो आणि खिडक्याही उजळलेल्या दिसतात.

गाड्या, कचऱ्याचे डबे, पाण्याचा पाइप, वाळत घातलेले कपडे हलवा. खिडक्यांचे पडदे सारख्या उंचीवर आणा. फोनचा अतिरुंद कोन वापरू नका, भिंती वाकड्या येतात. साध्या लेन्सने चार पावलं मागे जाऊन काढा आणि फोन वर-खाली न कलवता धरा. फोटोतून विजेचा खांब किंवा शेजारची भिंत पुसू नका. प्रत्यक्ष येऊन ते दिसलं की बाकीच्या फोटोंवरचाही विश्वास जातो.

## १३. घर बाजारात असेपर्यंत

विक्रीला आठवडे लागतात आणि दर्शनी भाग तेवढ्या दिवसांत परत मळतो. आठवड्यातून एकदा पायवाट झाडा, दिव्यांवरची कोळिष्टकं काढा, कुंड्यांतली सुकलेली पानं खुडा आणि पायपुसणं झटका. घर रिकामं असेल तर पत्रपेटी रिकामी करायला आणि झाडांना पाणी घालायला कुणाला तरी नेमा. साचलेली पत्रकं बघून घर किती दिवस पडून आहे ते कळतं, आणि घेणारा तोच धागा धरून भाव कमी करतो. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी भिंतीभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठे साचलं ते बघा.

उरलेल्या रंगाचा डबा झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा आणि शेडचा क्रमांक व तारीख त्यावर लिहा. भेटीच्या आदल्या दिवशी दिसलेला ओरखडा त्यातूनच झाकायचा. विक्री झाली की डबा किल्ल्यांबरोबर नव्या मालकाच्या हवाली करा.